मीठ तव्यावर वितळत नाही, पाण्यात मात्र लगेच विरघळतं. मग आयनिक बंध मजबूत म्हणायचा की कमकुवत?

शिकवणी_पेण

नमस्कार. मी पेणला घरीच आठवी ते दहावीची शिकवणी घेते. शिक्षण बी.कॉम., त्यामुळे गणित पक्कं आहे, पण विज्ञान मुलांच्या पुस्तकांवरूनच पुन्हा शिकले. मुलांना चुकीचं काही सांगायचं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

रासायनिक बंधांचा धडा मी असा शिकवला. सोडिअमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या सात. सोडिअम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं आणि विरुद्ध प्रभारांमुळे ते एकमेकांना धरून राहतात. हा आयनिक बंध. हायड्रोजनचे दोन अणू मात्र देवाणघेवाण करत नाहीत. दोघं एकेक इलेक्ट्रॉन पुढे करतात आणि ती जोडी दोघांत सामाईक राहते. हा सहसंयुज बंध. मग फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे ‘आयनिक: मजबूत, द्रवणांक जास्त’, दुसरीकडे ‘सहसंयुज: कमकुवत, द्रवणांक कमी’. उदाहरण म्हणून लिहिलं, मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, साखर १८६ अंशांच्या आसपास.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली ती घरी करून बघूनच आली होती. आईच्या देखरेखीखाली तिने तव्याच्या एका बाजूला चमचाभर साखर आणि दुसऱ्या बाजूला चमचाभर मीठ ठेवलं. साखर वितळली, तांबूस झाली, करपली. मीठ नुसतं तडतडलं आणि तसंच राहिलं. इथवर माझा फळा बरोबर. मग ती म्हणाली, “ताई, तेच मीठ मी पेल्यातल्या गार पाण्यात टाकलं तर ढवळेपर्यंत गेलं. पाण्यात सोडिअम आणि क्लोरीन सुटे होतात असं तुम्हीच सांगितलंत. एवढ्या आचेवर जे सुटलं नाही, ते गार पाण्याने कसं सोडवलं? आणि साखरही पाण्यात विरघळते, मग तिचे कुठले बंध तुटले?”

दुसऱ्या एका मुलाने विचारलं, “मिठाचा एक रेणू केवढा असतो?” मी म्हटलं, खूप लहान. पण उत्तर देतानाच जाणवलं की मला हे नीट माहीत नाही.

माझे आजोबा इथल्या मिठागरात कामाला होते. लहानपणी त्यांच्यासोबत बांधावरून चालताना वाफ्यातल्या पाण्यावर मिठाची पातळ साय धरलेली पाहिली आहे. इतक्या ओळखीच्या वस्तूबद्दल आठवीतल्या मुलीला उत्तर देता आलं नाही, हे मनाला लागून राहिलं आहे. कृपया कुणी समजावून सांगाल का? सूत्रं चालतील, पण आधी साध्या शब्दांत.

अमेय_तृतीयवर्ष

ताई, सोपा नियम आहे. दोन मूलद्रव्यांच्या विद्युतऋणतेतला, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या ताकदीतला, फरक काढायचा. १.७ पेक्षा जास्त आला तर आयनिक, कमी आला तर सहसंयुज. सोडिअम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३, म्हणून मीठ आयनिक. धातू आणि अधातू जोडले की आयनिक, दोन्ही अधातू असले की सहसंयुज, हेही लक्षात ठेवता येतं. विरघळण्याचं म्हणाल तर पाणी ध्रुवीय (एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण) असल्यामुळे ते आयनांना, म्हणजे प्रभार आलेल्या अणूंना, ओढून घेतं.

निवृत्त_बाई_सांगली

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझा मनापासून नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत मला फार थोड्या मुलांनी विचारला.

अमेय, तुमचा नियम परीक्षेत उपयोगी पडतो. त्याबद्दल शेवटी बोलते, कारण तो जिथे फसतो तिथेच खरी गंमत आहे.

ताई, तुमच्या फळ्यावरचा ‘कमकुवत’ हा शब्द आधी पुसून टाका. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

देवघरातला कापूर डोळ्यांसमोर आणा. डबीचं झाकण सैल राहिलं तर वडी हळूहळू लहान होत जाते आणि एक दिवस नाहीशी होते. म्हणून आपल्याकडे डबीत मिरीचे दाणे टाकून ठेवतात. वडी उडून जाते तेव्हा घरभर कापराचाच वास येतो, दुसरा कसला नाही. म्हणजे हवेत गेलेली गोष्टही कापूरच आहे. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ असे २७ अणू सहसंयुज बंधांनी घट्ट बांधलेले असतात. वडी उडताना त्यांतला एकही बंध तुटत नाही. अख्खे रेणू एकमेकांचा हात सोडून निघून जातात, एवढंच. रेणूरेणूंमधला तो हात खरोखर हलका असतो. पण तो म्हणजे सहसंयुज बंध नव्हे!

आता तोच कापूर आरतीत पेटवा. ज्योत, काजळी, उष्णता, आणि मागे कापूर उरत नाही. इथे सहसंयुज बंध तुटले आणि नवे तयार झाले.

तुमच्या विद्यार्थिनीच्या तव्यावर हे दोन्ही टप्पे एकामागोमाग झाले. साखर वितळली तेव्हा रेणू एकमेकांपासून सैल झाले. तांबूस होऊन करपू लागली तेव्हा रेणू आतून मोडू लागले. साखरेच्या बाबतीत हे दोन टप्पे इतके जवळ आहेत की सरमिसळ होते, म्हणून मला कापूर किंवा पाणी हे उदाहरण जास्त आवडतं. आधणाच्या वाफेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत, ते पाण्याचेच रेणू असतात. आकडे हवे असतील तर बघा. एक मोल (रेणूंचा ठरावीक संख्येचा गठ्ठा) पाण्याची, म्हणजे १८ ग्रॅमची, वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. त्या पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचा तर एकेका बंधाला मोलमागे सुमारे ४६३, आणि प्रत्येक रेणूत असे दोन बंध. अकरा पटींहून जास्त! असा बंध कमकुवत कसा म्हणायचा?

द्रवणांक कमी असतो तो सुट्या रेणूंच्या पदार्थांचा. जिथे सहसंयुज बंधांचं अखंड जाळं पसरलेलं असतं तिथे चित्र पालटतं. वाळूतलं सिलिका पूर्ण सहसंयुज आहे आणि सुमारे १७०० अंशांना वितळतं, मिठाच्या दुपटीहून वर. हिराही सहसंयुजच.

म्हणजे तव्यावर आपण दोन बंधांची तुलना केलीच नव्हती. एका बाजूला रेणूरेणूंमधली हलकी ओढ होती आणि दुसऱ्या बाजूला आयनांमधलं थेट आकर्षण.

आता त्या मुलाचा प्रश्न, मिठाचा रेणू केवढा? घन मिठात रेणू नसतोच. एका सोडिअम आयनाच्या वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे असे सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती तसेच सहा सोडिअम. कुठल्या सोडिअमचा इलेक्ट्रॉन कुठल्या क्लोरीनकडे गेला, या प्रश्नाला स्फटिकात अर्थ राहत नाही. सहाही शेजारी सारखेच जवळचे. सूत्रात आपण एकास एक लिहितो ते फक्त प्रमाण.

हे पहिल्यांदा कळलं १९१३ मध्ये, विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा. ते तेव्हा २३ वर्षांचे होते. १९१५ चं नोबेल त्यांना वडिलांसोबत मिळालं. तुमच्या विद्यार्थ्याला हेही जरूर सांगा की हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या मोठ्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या कल्पनेला कडाडून विरोध केला होता. मिठात जोड्या नाहीत, नुसती बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे, हे त्यांना पटेना. आयुष्य रसायनशास्त्रात घालवलेल्या माणसाला जे जड गेलं, ते आठवीतल्या मुलाला पहिल्या दिवशी उमगावं अशी अपेक्षा नको.

निवृत्त_बाई_सांगली

काल वीज गेली म्हणून अर्ध्यावर थांबले. मुख्य प्रश्न राहिला होता, पाण्याचा.

ताई, तुम्ही बी.कॉम. आहात, म्हणून जमाखर्च मांडूनच दाखवते. सगळे आकडे एका मोलचे, किलोज्यूलमध्ये.

सोडिअमच्या सुट्या अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ खर्च होतात. लक्षात घ्या, सोडिअम तो आपणहून देत नाही. ओढून काढावा लागतो. क्लोरीनच्या अणूंनी तो घेतला की ३४९ परत मिळतात. इथवर १४७ ची तूट. म्हणजे नुसती देवाणघेवाण करून अष्टक पूर्ण करणं हा तोट्याचा व्यवहार आहे. मग मीठ बनतं कशामुळे? तयार झालेले आयन एकत्र येऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा ७८७ जमा होतात. तूट भरून वर ६४० शिल्लक. आयनिक बंध म्हणजे हे ७८७. प्रत्येक आयनाला चहूबाजूंनी असलेल्या विरुद्ध शेजाऱ्यांची ओढ. ‘सोडिअम दान देतो’ ही गोष्ट मीही सुरुवातीची काही वर्षं सांगत होते. पुढे ती सोडली, कारण मुलांना वाटतं दान झालं की बंध झाला. बंध त्यानंतर होतो.

आता मीठ पाण्यात टाका. स्फटिक मोडायचा म्हणजे ७८७ खर्च. तव्याकडे त्यासाठी उष्णतेखेरीज काही नाही. पाण्याकडे मात्र दुसरं भांडवल आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन. सोडिअम आयन सुटला की पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू आत करून त्याला घेरतात, आणि क्लोराइडला हायड्रोजनची बाजू आत करून. या घेरण्यातून सुमारे ७८३ परत मिळतात. फरक उरला जेमतेम ४. गार पाणी बंध ‘तोडतं’ ते असं. एक आकर्षण सुटतं त्याच क्षणी दुसरं, जवळपास तितकंच बळकट, त्याची जागा घेतं. उरलेले ४ पाण्याच्या स्वतःच्या उष्णतेतून येतात, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. खर्च थोडा जास्त असूनही मीठ विरघळतं, कारण शिस्तीत रचलेले आयन पाण्यात मोकळे पसरू शकतात आणि निसर्गाचा कल त्या पसरण्याकडे असतो.

साखरेचा जमाखर्च वेगळा. तिच्या रेणूवर बाहेरच्या अंगाला ऑक्सिजन-हायड्रोजनचे हात असतात, पाणी ते धरतं आणि अख्खा रेणू उचलून नेतं. रेणू आत तसाच. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, साखर विरघळताना तिचा एकही सहसंयुज बंध तुटला नाही.

स्वयंपाकघरातली आणखी एक गोष्ट. फोडणीच्या तेलात हळद टाकली की तेल पिवळंधमक होतं, कारण हळदीचा रंग सहसंयुज रेणूंचा असतो आणि ते तेलाच्या रेणूंत मिसळून जातात. त्याच तेलात मीठ टाकलं तर तळाशी पडून राहतं. तेलाकडे आयनांना घेरायला ते धन-ऋण टोकांचं भांडवल नाही.

आणि तुमच्या आजोबांच्या मिठागराबद्दल. त्या ४ च्या क्षुल्लक फरकामुळे मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही. १०० ग्रॅम गार पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९ च्या आसपास. त्यामुळे खारं पाणी गार करून मीठ हाती लागत नाही, पाणी उडवावंच लागतं, आणि त्यासाठी ऊन. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम. ते पाणी आटून साधारण दहावा हिस्सा उरलं की मीठ धरायला लागतं. तुम्ही पाहिलेली साय पृष्ठभागावर धरते, कारण पाणी तिथूनच उडत असतं.

शिकवणी_पेण

बाई, काय लिहू! जमाखर्चाचा तक्ता मी जसाच्या तसा फळ्यावर मांडला. १४७ ची तूट पाहून पोरं थक्क झाली. एकाने विचारलं, “मग सोडिअम तयार कशाला होतो?” आणि वर्गातूनच दुसऱ्याने उत्तर दिलं, “पुढचे ७८७ मिळणार असतात म्हणून.”

आम्ही एक प्रयोगही केला. नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा एलईडी, त्याच्याबरोबर एक रोधक आणि दोन तारा. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, कारण नळाच्या पाण्यातही दिवा मंद लागत होता. गॅरेजच्या पाण्यात लागला नाही. त्यात साखर घातली, तरी नाही. मीठ घातलं, लख्ख लागला. कोरड्या खड्याला दोन्ही बाजूंनी तारा टेकवल्या, नाही लागला. इथवर मुलं खूश.

मग एकाने लिंबू पिळलं आणि दिवा लागला. आता वर्गात दोन तट पडले आहेत. लिंबात आयनिक बंध असतो असं निम्म्यांचं म्हणणं. मी बुधवारपर्यंत वेळ मागून घेतला आहे.

निवृत्त_बाई_सांगली

लिंबू पिळणाऱ्याला शाबासकी द्या. त्याने तुमच्या चाचणीची मर्यादा शोधून काढली.

लिंबाच्या रसातलं सायट्रिक आम्ल हे सहसंयुज रेणूंचंच आहे. पण पाण्यात गेल्यावर त्यांतले थोडे रेणू आपला एक हायड्रोजन, इलेक्ट्रॉन मागे ठेवून, पाण्याच्या हवाली करतात. तिथे आयन जन्माला येतात. आधी ते नव्हते, पाण्याने घडवले. हायड्रोजन क्लोराइड तर खोलीच्या तापमानाला वायू आहे, सुट्या सहसंयुज रेणूंचा. तो पाण्यात विरघळवला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि वीज उत्तम वाहते. दिवा फक्त एवढंच सांगतो की द्रावणात आता आयन आहेत. मूळ पदार्थात कुठला बंध होता, ते सांगत नाही.

खरी कसोटी म्हणजे पाण्याशिवाय वितळवून पाहणं. वितळलेलं मीठ वीज वाहून नेतं, वितळलेली साखर नाही. धातुरूप सोडिअम कारखान्यात याच मार्गाने काढतात, वितळलेल्या मिठातून वीज सोडून. मुलांना हे वाचूनच कळू द्या, घरी नाही. आणि मिठाच्या पाण्यात तारा फार वेळ ठेवू नका. एका तारेपाशी क्लोरीन सुटू शकतो. काही सेकंद पुरे, खिडकी उघडी ठेवून.

अमेय, आता तुमचा १.७. विद्युतऋणतेची ही मोजपट्टी लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडली. ती अमोल आहे, पण १.७ ही भिंत नाही. हायड्रोजन फ्लोराइड बघा, फरक १.७८. नियमाने आयनिक. प्रत्यक्षात ते सहसंयुज रेणू आहेत आणि १९.५ अंशांनाच उकळतात. सोडिअम आयोडाइड, फरक १.७३, म्हणजे त्याहून कमी, पण तो पक्का आयनिक घन, ६६१ अंशांना वितळणारा. सोडिअम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७ आणि तोही आयनिक!

धातू-अधातूचंही तसंच. कल्हईवाल्याच्या पिशवीत दोन वस्तू असतात, कथील आणि नवसागर. कथील धातू आहे, पण त्याचं टेट्राक्लोराइड खोलीच्या तापमानाला द्रव असतं, सुट्या सहसंयुज रेणूंचं. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यात धातूचा कणही नाही, तरी तो आयनिक.

मी वर्गात सामाईक विहिरीचं उदाहरण द्यायचे. दोन भावांच्या बांधावर एक विहीर. दोघांच्या मोटरी सारख्या, तर पाणी सारखं. हा हायड्रोजनचा रेणू. एकाची मोटर मोठी, तर विहीर दोघांचीच पण पाणी एकीकडे जास्त. हे पाणी, हायड्रोजन क्लोराइड. मोटर इतकी मोठी की दुसऱ्याच्या पाइपात थेंब येत नाही, आणि सातबारावर मात्र नाव दोघांचं. हे मिठाकडे झुकलेलं टोक. मधली कुठली रेघ ओलांडली की ‘सामाईक’ संपलं? अशी रेघ नसते. उदाहरणाची एक उणीव सांगून ठेवते: विहिरीवर भाऊ दोनच, स्फटिकात शेजारी सहा.

गिल्बर्ट लुईस यांनी सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना १९१६ मध्ये मांडली. आयनिक बाजूची मांडणी जर्मनीत वाल्टर कॉसेल यांनी त्याच वर्षी केली. आपण ज्याला सहसंयुज म्हणतो त्याला इंग्रजी नाव दिलं अर्व्हिंग लँगम्युर यांनी, १९१९ मध्ये. लुईस यांच्या मनात तेव्हाही हे दोन वेगळे कप्पे नव्हते. त्यांच्या मते एकाच ओढाताणीची ती दोन टोकं होती.

तासगाव_द्राक्ष

बाई, मी तुमच्याच जिल्ह्यातला. धागा वाचून एक विचारावंसं वाटलं. आम्ही बागेत बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतो, एक टक्क्याचं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. वडील सांगायचे, प्लास्टिकच्याच पिंपात कर, लोखंडी भांडं नको. आणि झालं की विळ्याचं पातं बुडवून बघ, तांबूस झालं तर अजून चुना घाल. मी आजवर करत आलो, पण का ते कळलं नव्हतं. मोरचुदात बंध कुठला, आयनिक की सहसंयुज?

निवृत्त_बाई_सांगली

भाऊ, दोन्ही. मोरचुदात तांब्याचा आयन आणि सल्फेट आयन यांच्यात आयनिक आकर्षण. पण सल्फेटच्या पोटात एक गंधक आणि चार ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी बांधलेले. पाण्यात टाकल्यावर तांबं आणि सल्फेट वेगळे होतात. सल्फेट मात्र अखंड राहतो, त्यातून गंधक सुटा होत नाही. नवसागरातही असंच, अमोनिअमच्या आत सहसंयुज, बाहेर आयनिक. खाण्याचा सोडा, तुरटी, चुनखडी, सगळीकडे हाच प्रकार. मोरचुदातलं पाणीही निळेपणाला धरून असतं. खडा तापवला की पाणी निघून जातं आणि भुकटी पांढरी पडते.

तुमच्या वडिलांच्या विळ्याचं शास्त्र पक्कं आहे. पाण्यात तांब्याचे आयन मोकळे असतील तर लोखंड त्यांना इलेक्ट्रॉन देतं. तांबं धातू होऊन पात्यावर बसतं, लोखंड आयन होऊन पाण्यात उतरतं. म्हणूनच लोखंडी भांडं खराब होतं. पुरेसा चुना पडला की तांबं न विरघळणाऱ्या रूपात अडकतं, मोकळे आयन जवळजवळ उरत नाहीत आणि पातं स्वच्छ निघतं. मोकळं तांबं जास्त राहिलं तर पानं करपतात. विळा तुम्हाला तेच सांगत असतो.

तासगाव_द्राक्ष

समजलं, बाई. पोराला दाखवतो. दहावीला आहे.

शिकवणी_पेण

बुधवारी लिंबाचा निकाल लागला. दोन्ही तटांना पटलं. अमेय, तुमचा १.७ आम्ही वहीत ठेवला आहे आणि खाली बाईंची तीन उदाहरणं लिहिली आहेत.

बाई, एकच व्यवहाराचा प्रश्न. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ येतं. मुलांनी तिथे काय लिहावं? तपासणाऱ्याला पुस्तकातलं उत्तर हवं असतं.

निवृत्त_बाई_सांगली

रकाने तेच ठेवा, फक्त शब्द जपून वापरा. द्रवणांकाच्या ओळीत ‘सहसंयुज बंध कमकुवत’ असं न लिहिता ‘रेणूंमधील आकर्षण बल कमी, म्हणून द्रवणांक सामान्यतः कमी’ असं लिहू दे. विजेच्या ओळीत ‘आयनिक संयुगे घन अवस्थेत वीज वाहत नाहीत, वितळलेल्या अवस्थेत किंवा जलीय द्रावणात वाहतात’ हे पूर्ण वाक्य. मी अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. असं लिहिणाऱ्याचे गुण मी कधी कापले नाहीत आणि सोबत तपासणाऱ्या कुणाला कापताना पाहिलं नाही.

ठिसूळपणाची ओळ पुस्तकात असेल तर ती नुसती पाठ करून घेऊ नका. खडे मीठ खलबत्त्यात हलकेच ठेचायला लावा आणि तुकडे भिंगाखाली बघू दे. बाजू सपाट, कोपरे काटकोनात. ठोका बसला की आयनांचा एक थर सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतात, आणि खडा त्याच सपाटीवर दुभंगतो.

शिकवणी_पेण

आज केलं. मुलीने तव्याचा प्रयोग केला होता, म्हणून खलबत्ता तिच्याच हाती दिला. सहा तुकडे निवडले, चार अगदी चौकोनी होते. तिने वहीत चित्र काढून शेजारी सहा बाण काढले आहेत, एका सोडिअमपासून सहा क्लोराइडांकडे.

रविवारी सगळ्यांना घेऊन मिठागरावर जाते आहे. तिथले एक जुने कामगार आजोबांना ओळखत होते. ते वाफ्यातली साय काढून दाखवतो म्हणाले आहेत. भिंग बरोबर घेतलं आहे.